हनुमंताने मोडलेला मुक्काम

वारूळवाडीच्या हनुमंताला मौजेखातर तंबूत झोपायला नेणं म्हणजे लग्नातल्या आचाऱ्याला वाढदिवसाची भेट म्हणून पोतंभर कांदे चिरायला बसवणं. पण हे त्याच्या मुलाला कोण सांगणार? मुलगा राजरत्न चाकणला कारखान्यात सुपरवायझर. सव्वीस जानेवारीला जोडून सुट्टी आली, त्याच्या बायकोने, कल्याणीने, फोनवर जागा शोधली, आणि दुपारी गाडी दारात उभी करून राजरत्न म्हणाला, "आप्पा, आवरा. माणिकडोहच्या काठाला कॅम्पिंगला जायचंय. रात्री तंबूत झोपायचं."

हनुमंत ओट्यावर बसून गुडघ्याला तेल चोळत होता. त्याचा हात थांबला.

"का? घर पडलं का आपलं?"

"नाही हो आप्पा. मजा म्हणून."

"मजा म्हणून," हनुमंत म्हणाला आणि ओट्यावरून खाली थुंकला.

या थुंकण्यामागे पस्तीस वर्षं होती. नारायणगावात पाडव्याच्या सुमाराला तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात, गावोगावचे पंच जत्रेची सुपारी द्यायला येतात. अशाच एका राहुटीत दोर ओढायला माणूस कमी पडला, म्हणून ऐन विशीतला हनुमंत एका दिवसासाठी गेला आणि फडाचा तंबूवाला होऊन बसला. दसऱ्याला घर सोडायचं, बुद्ध पौर्णिमेला परतायचं. मधले सगळे महिने डोक्यावर जे छप्पर, ते त्यानेच दुपारी उभं केलेलं आणि पहाटे त्यानेच उतरवलेलं. त्या तंबूत ढोलकी कडाडली, घुंगरांनी फळ्या झिजल्या, राजे मेले, राण्या रडल्या, सोंगाड्याने हजार माणूस हसवून लोळवलं. यातलं काहीही हनुमंताने पाहिलं नाही. गण सुरू झाला की तो ट्रकखाली घोंगडी टाकून झोपायचा, कारण पहाटे सगळ्यांचं काम संपलं की त्याचं सुरू व्हायचं. एवढ्या वर्षांत त्याने एक वग शेवटपर्यंत बघितला नव्हता. फडातले कलावंत त्याला म्हणायचे, "हनुमंता, आमी सगळी रंगलेली माणसं, खरा उभा राह्यलेला तूच." तो फक्त मान हलवायचा. त्याच्या तोंडात बहुतेक वेळा सुतळी असायची.

खांदा निखळला तेव्हा त्याने फड सोडला, आणि घरी येऊन जाहीर केलं की आपण आता उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणार नाही. सगळा महाराष्ट्र पाहिला, सगळ्याचा वीट आला. ते त्याने पाळलं. लग्न असो, बारसं असो, हनुमंत ओट्यावर. रस्त्याने जाणाऱ्या गाड्यांकडे तो असा बघायचा की जणू त्या त्याच्या अंगणातून शेण तुडवत चालल्या आहेत.

"मी येत न्हाई," तो आत्ताही म्हणाला.

तेवढ्यात आतून शकुबाईचा आवाज आला. "येत न्हाईत तर ऱ्हाऊं द्या त्यांना. कल्याणी, तो मोठा डबा दे गं. मासवड्या दुमडत्यात या डब्यात."

हनुमंताने मान वळवून पाहिलं. शकुबाईने ठेवणीतलं जांभळं लुगडं नेसलं होतं. चुलीशेजारी बसून ती मासवडीच्या वड्या एकावर एक रचत होती, आणि शेजारी बाजरीच्या भाकऱ्यांची चवड फडक्यात बांधून तयार होती. म्हणजे तिला आधीच सगळं ठाऊक होतं. चार दिवसांपूर्वीच कल्याणीने तिला फोनवर सांगितलं होतं, "आई, रात्री कॅम्पवर राहू आणि दुसरा अख्खा दिवस ओझरला. पाण्याकाठी. एकदम रिलॅक्स."

ओझर म्हणजे वारूळवाडीहून हाकेच्या अंतरावर. लोक तिथे गणपतीला जातात. शकुबाईला ओढ पाण्याची होती. येडगाव धरणाचं पाणी तिथे गावाच्या पायाशी येऊन टेकतं आणि त्यात बोटी फिरतात. तिने त्या बोटी कितीदा तरी पाहिल्या होत्या, पण टेम्पोतून. पलीकडच्या द्राक्षबागांत विरळणीला जाणाऱ्या बायकांचा टेम्पो पुलावरून जायचा. पूल संपेपर्यंत बोट दिसायची. कुणीतरी बाई नवऱ्याशेजारी बसून पाण्यात हात घालत असायची. संध्याकाळी परत तोच पूल, तोच टेम्पो, पण तेव्हा बोटी बांधलेल्या असायच्या. एका बुद्ध पौर्णिमेला नवरा घरी आला तेव्हा ती म्हणाली होती, "मला एकदा बोटीत न्या की." तो म्हणाला, "नेतो." पण तो घरी असायचा पावसाळ्यात, आणि पावसाळ्यात बोटी बंद. बोटी सुरू व्हायच्या तेव्हा तो कुठल्या तरी गावाच्या माळावर खुंटे ठोकत असायचा. आणि फड सोडल्यावर तर त्याला वीटच आला होता.

तिला फार काही नको होतं. बोटीत बसायचं, उतरून काठाला भाकरी खायची, आणि "चला, उशीर झाला" असं कुणी न म्हणता आपल्याला वाटेल तेवढा वेळ बसून राहायचं. एवढंच.

हनुमंत उठला. त्याने टोपी घातली. गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसला आणि कुणाकडे न बघता म्हणाला, "एसी लावू नका. मळमळतं."

कॅम्पवर पोहोचताक्षणी त्याला शिसारी आली. धरणाच्या काठाला चांगली काळी, भेगाळलेली जमीन होती, आणि त्या जमिनीवर कुणीतरी प्लॅस्टिकचं हिरवं गवत अंथरलं होतं. त्यावर रांगेने सात-आठ तंबू. तंबू कसले, पावसात उलट्या झालेल्या छत्र्या. निळे, केशरी, पोपटी. हनुमंताने एकाला बोट लावलं तर तो अंग चोरल्यासारखा आत गेला आणि परत बाहेर आला.

कॅम्पचा मालक मोहित म्हणून तिशीतला पोरगा होता. गुडघ्यावर आलेली पँट, डोळ्यांवर काळा चष्मा. तो म्हणाला, "वेलकम काका! आमचा एक टेंट उरलाय लावायचा. बघा गंमत." आणि त्याने एक चपटी पिशवी काढून हवेत भिरकावली. खाली पडेपर्यंत तिचा तंबू झाला होता.

बायका-पोरांनी टाळ्या वाजवल्या. राजरत्नची कॉलेजात जाणारी मुलगी प्रतीक्षा, तिने ते मोबाईलमध्ये घेतलं. हनुमंत मात्र मयतीला आल्यासारखा उभा राहिला.

"आन खुंटं?"

मोहितने खिशातून बोटाएवढ्या चार सळ्या काढल्या आणि बुटाच्या टाचेने जमिनीत खुपसल्या.

"ह्यानं पायातला काटा काढत्यात आमच्याकडं," हनुमंत म्हणाला.

"काका एकदम कॉमेडी आहेत!" मोहित हसला. मग शकुबाईच्या हातातल्या डब्याकडे बघून म्हणाला, "आजी, बाहेरचं फूड इकडे अलाउड नाही हं. गाडीत ठेवा."

शकुबाईने डबा छातीशी धरला. "हितं खायाचं न्हाईच लेकरा. ते उद्याचं हाय. ओझरचं."

रात्रीच्या जेवणाला कागदाच्या ताटलीत काडीला टोचलेलं पनीर आलं. हनुमंताने एक तुकडा तोंडात घातला, बराच वेळ चघळला आणि रुमालात काढून ठेवला. पुढे शेकोटी पेटली. शेजारच्या तंबूंमध्ये पुण्याच्या कुठल्याशा ऑफिसातली पोरं उतरली होती. त्यांनी पांढरे, लिबलिबीत गोड गोळे काडीला लावून विस्तवावर धरले. गोळे फुगले, काळे पडले आणि पोरांनी ते किंचाळत खाल्ले.

"चांगल्या विस्तवावर वांगं भाजायचं सोडून साबणाचा फेस भाजत्यात," हनुमंत शकुबाईच्या कानाशी म्हणाला. "आन वर खात्यात."

"तुमी तिकडं बघू नका," शकुबाई म्हणाली. "तंबूकडं बघा. मी पयल्यांदा तंबूत झोपणार."

"त्यात काय बघायचं?"

"पस्तीस वरसं माझा नवरा ज्यात झोपला ते कसं असतं ते."

"मी तंबूत न्हाई झोपलो. ट्रकखाली झोपलो."

"मग ऱ्हाऊं द्या," ती म्हणाली आणि खुदकन हसली. तिला सगळंच आवडत होतं, आणि हनुमंताला तेच सगळ्यात असह्य होत होतं.

मग उद्याच्या दिवसाची आखणी सुरू झाली. कल्याणीने मांडी घालून सुरुवात केली. मनाने चांगली बाई. फक्त मोकळा वेळ दिसला की तिला त्यात काहीतरी भरून टाकावंसं वाटायचं.

"उद्या कसलीही घाई नाही. फक्त ओझर. अख्खा दिवस."

"अख्खा दिवस कशाला लागतो ओझरला?" राजरत्न म्हणाला. "एवढं जुन्नरला आलोय तर सकाळी शिवनेरी करून घेऊ की. ऊन व्हायच्या आत वर."

"मग येताना ते द्राक्षाच्या मळ्यातलं हॉटेल," प्रतीक्षा म्हणाली. "मम्मी, त्या भिंतीवरचे पंख! माझ्या सगळ्या मैत्रिणींचे फोटो आहेत तिथे."

"चालेल. जेवण तिथेच करू. थाळी चांगली असते म्हणे."

शकुबाईने हळूच डब्याच्या दिशेने, म्हणजे गाडीच्या दिशेने पाहिलं.

"नाणेघाट राहतोच प्रत्येक वेळी," राजरत्न म्हणाला.

"नाणेघाट उलट्या बाजूला आहे."

"गाडी आहे ना आपल्याकडे! लवकर निघू. अंधारात निघू. सकाळचं सगळं पटापट उरकलं की मग रिलॅक्स."

हनुमंत ऐकत होता. फडाचा मॅनेजर असाच बसून गावं जोडायचा: आज मंचर, उद्या पेठ, परवा घोडेगाव. पण त्या माणसाने निदान त्याला कधी आराम म्हटलं नव्हतं. इथे तीन माणसं विसाव्याचा दिवस असा ठासून भरत होती, जशी एखादी बाई फुटक्या पिशवीत कपडे कोंबते.

"आन ओझर?" शकुबाईने विचारलं. अगदी हळू. कुणाला राग येऊ नये अशा बेताने.

"आहे ना आई, आहे!" कल्याणी म्हणाली. "परत जाताना. तुम्हाला घरी सोडायला जाऊच ना, तेव्हा पुलावरून जाऊ. उजेड असला तर बोट बघू."

"बघू म्हंजी... पुलावरनं?"

"गाडी थांबवू ना थोडी."

शकुबाईने लुगड्याचा पदर पायांवर ओढून घेतला. हनुमंताने तिच्याकडे पाहिलं. खरं म्हणजे या क्षणी त्याने "तिला बोटीत बसवायचं हाय" एवढं म्हणायला हवं होतं. पण तो म्हणाला, "कशाला जायचं कुठं? सगळं सारखंच किळसवाणं हाय." आणि त्याच्या या बोलण्याने ओझरचं उरलंसुरलं नावही पुसलं गेलं.

झोप कुणाला लागणार होती? रबरी गादी अंग हलवलं की म्हशीसारखी कण्हायची. बाजूला मात्र शकुबाई शांत घोरत होती.

सकाळी अंधारात निघायचं होतं ते कुणी उठलंच नाही. ऊन चढलं तेव्हा मोहितने भल्यामोठ्या स्पीकरवर गाणी लावली आणि सगळ्यांना काठाने फिरायला घेऊन गेला; पक्षी दाखवतो म्हणाला. एवढ्या धिंगाण्यात पक्षी कुठून राहणार? तरी सगळे गेले. राजरत्न, कल्याणी, प्रतीक्षाही गेले. शकुबाईचा गुडघा दुखत होता म्हणून ती लांब बाभळीखाली खुर्ची टाकून चहाचा कागदी कप घेऊन बसली. हनुमंत तंबूच्या तोंडाशी खुर्चीत बसला. रात्रीची झोप आता डोळ्यांवर आली. स्पीकर ढणढणत होता आणि त्या आवाजात त्याची मान हळूहळू छातीवर टेकली.

आणि लाइट गेली.

स्पीकर मध्येच तुटला. काठावर एकदम शांतता पसरली.

आता हे समजून घ्यायला हवं. फडात मुक्काम हलवायचा हुकूम कुणी तोंडाने देत नसे. पहाटे खेळ संपला की माईक बंद व्हायचा. रात्रभर गाजलेला माळ क्षणात मुका व्हायचा, आणि ती शांतता हाच हुकूम. ती कानावर पडली की ट्रकखालचा माणूस उठलाच पाहिजे. पुढचं गाव लांब असतं, संध्याकाळी तिथे तंबू उभा हवा. डोळे उघडायची गरज नसते. हात कामाला लागतात. चहा गार व्हायच्या आत निम्मा तंबू जमिनीवर.

हनुमंताचे हात कामाला लागले.

पहिल्यांदा त्याने स्वतःचा तंबू घेतला. आतलं सामान चादरीत घेतलं, गाठ मारली, बाहेर ठेवलं. सळ्या उपटल्या. कापड पाडलं, वारा काढला, घडी घातली, पाय देऊन दाबली. मग सळी निघालेल्या जागी टाच ठेवून भोक बुजवलं. ही त्याची फडातली शिस्त. माळ कुणाचा तरी असतो, त्या भोकात बैलाचा पाय अडकला तर वर्षभर गाव शिव्या देतं. मग तो पुढच्या तंबूकडे वळला. सामान, गाठ, सळ्या, घडी, टाच. मग त्याच्या पुढच्या. त्याचा निखळलेला खांदा दुखत नव्हता. तोंडात सुतळी नव्हती म्हणून त्याने तंबूचीच एक दोरी दातांत धरली होती. आपण बहात्तर वर्षांचे आहोत, हे माणिकडोह आहे, हे तंबू आपले नाहीत, यातलं काही त्याच्या ध्यानात नव्हतं. एवढंच ध्यानात होतं की आज कापड फार हलकं लागतंय आणि खुंटे फार लवकर निघताहेत, आणि कुठेतरी एक बारीक समाधान होतं की लवकर आवरेल.

शेवटच्या तंबूतलं सामान त्याने तोंडाशीच हात घालून ओढलं, सळ्या निघाल्या, कापड खाली आलं, हनुमंताने त्यावर पाय दिला, आणि तंबू ओरडला.

"मम्मीऽऽ!"

आत ऑफिसातला एक पोरगा झोपला होता. निळ्या कापडात तो मासा अडकावा तसा तडफडू लागला. हनुमंत दचकून मागे सरकला. दातांतली दोरी पडली. त्याने आजूबाजूला पाहिलं. हिरव्या प्लॅस्टिकच्या गवतावर एका रांगेत घड्या, प्रत्येक घडीपुढे एक गाठोडं. माळ स्वच्छ. वरून ऊन.

तेवढ्यात काठावरून मंडळी परत आली.

पुढचा प्रवेश कुणाही सोंगाड्याने रंगवावा असा होता, पण हनुमंताला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. मोहित डोक्याला हात लावून "अरे काय, अरे काय" एवढंच म्हणत होता. ऑफिसातली पोरं गाठोडी सोडत होती, आणि सोडलेल्या गाठोड्यांतून एकेकाच्या बाटल्या, केस काळे करायची डबी, लपवून आणलेल्या चिवड्याच्या पुड्या, कुणाची तरी कवळी सगळ्यांसमोर उन्हात आली. हरवलं काहीच नव्हतं. उलट जे हरवलेलं बरं होतं तेही सापडलं होतं.

"काका, हे काय केलंत तुम्ही?" मोहित ओरडला. "आज नवीन बॅच येणारे माझी!"

हनुमंत म्हणाला, "माईक बंद झाला."

"मग?"

"मग... माईक बंद झाला," तो परत म्हणाला, आणि आपलं बोलणं इथे कुणालाही कळणार नाही हे समजून खाली पडलेली दोरी गुंडाळू लागला. त्याला आता सगळ्यात जास्त किळस स्वतःची आली. पस्तीस वर्षांनी त्याला माणूस ठेवलं नव्हतं, चावी दिलेलं खेळणं केलं होतं. आवाज बंद, हात चालू.

राजरत्नने मोहितची हात जोडून माफी मागितली, ऑफिसातल्या पोरांची मागितली, त्या निळ्या कापडातल्या पोराला पाणी दिलं. मोहित म्हणाला, "तुम्ही निघा साहेब. प्लीज. काकांना घेऊन निघा आधी." सगळे गाडीत बसले. दारं आपटली गेली.

जुन्नर आलं. मग राजरत्न म्हणाला, "आता कुठे नाही नि काही नाही. शिवनेरी नाही, हॉटेल नाही. तुम्हाला वारूळवाडीला सोडतो आणि आम्ही चाकणला जातो. बास झाली सुट्टी."

हनुमंत पुढे बसून काचेबाहेर बघत होता. मागे डबा मांडीवर घेऊन शकुबाई बसली होती हे त्याला न बघता कळत होतं; वळणावर झाकण वाजत होतं. तिचा दिवस काल रात्री त्याच्या एका वाक्याने गेला होता आणि आज त्याच्या हातांनी. त्याने घसा साफ केला.

"राजा, फाट्याला उतरव आमाला."

"कुठल्या फाट्याला?"

"ओझरच्या. आमी जातो दोघं जिपड्यानं. तुमी जा."

"आप्पा, आता परत नाटक नको हां."

"नाटक मी कवाच केलं न्हाई. मी तंबूवाला व्हतो."

आणि मागून हसण्याचा आवाज आला. शकुबाई हसत होती. आधी तोंडाला पदर लावून, मग पदर सोडून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. प्रतीक्षा घाबरून म्हणाली, "आजी, काय झालं?"

"मी बघत व्हते गं," शकुबाई म्हणाली. "पयल्यापासनं. बाभळीखाली बसून."

राजरत्नने गाडीचा वेग कमी केला.

"म्हणजे आई," कल्याणी म्हणाली, "तुम्हाला दिसत होतं? मग थांबवलं का नाही त्यांना?"

"का थांबवू? पस्तीस वरसं ह्यो माणूस दसऱ्याला जायाचा. पोरं आजारी पडली, हा न्हाई. दर चौदा एप्रिलला सगळ्या गावाची माणसं जोडीनं मिरवणुकीत, मी एकली. इचारलं की म्हणायचा, काम व्हतं. काय काम, म्या कधी डोळ्यानं बघितलं न्हाई. आज बघितलं." तिने डोळे पुसले. "लई झ्याक करत्यात."

हनुमंत मागे वळला नाही. त्याचे कान मात्र लाल झाले.

"आन दुसरं," शकुबाईचा आवाज जरा धारदार झाला, "तुमच्या त्या पिलानमधी माझं ओझर कुठं व्हतं रं राजा? पुलावरनं? पूल मी वीस वरसं बघितलाय, टेम्पोतनं. म्हटलं, मोडू दे समदं. तंबू ऱ्हाइलं न्हाईत तर दिवस तरी मोकळा ऱ्हाईल."

राजरत्नमधला सुपरवायझर जागा झाला असावा. त्याने विचारलं, "किती वेळ लागला आप्पांना? सगळे उतरवायला?"

"माझा चहा गार झाला न्हवता," शकुबाई म्हणाली.

राजरत्नच्या ओठाची एक बाजू वर गेली. त्याने आरशात कल्याणीकडे पाहिलं. कल्याणीने खिडकीबाहेर बघत हळूच म्हटलं, "शिवनेरी काय, परत कधीही होईल." आणि गाडी नारायणगावच्या रस्त्याला न लागता ओझरच्या रस्त्याला लागली.

बोटीत बसायच्या आधी बोटवाल्याने हनुमंताच्या गळ्यात एक केशरी जाकीट अडकवलं. ते ओलं होतं आणि त्याला आदल्या शंभर माणसांच्या घामाचा वास येत होता. हनुमंताने तोंड फिरवलं. बोटीच्या तळाला पाणी साठलं होतं, त्यात शेंगांची टरफलं तरंगत होती. समोरच्या सीटवर कुणाचं तरी पोर वेफर्स खाऊन बोटं सीटला पुसत होतं. इंजिनाच्या धुराने त्याचे डोळे चुरचुरले. शकुबाई त्याच्या शेजारी बसली होती, जांभळ्या लुगड्यावर ते गबाळं जाकीट बांधून, आणि तिने एक हात कोपरापर्यंत पाण्यात सोडला होता. पूल जवळ आला तेव्हा तिने मान वर केली. वरून एक टेम्पो चालला होता, मागे बायका उभ्या होत्या. शकुबाईने ओला हात वर केला. टेम्पोतल्या एकीनेही केला. ओळख असेल किंवा नसेल.

परत काठाला आल्यावर जेवणं झाली. चिंचेखाली फडकं पसरलं, मासवड्या कालच्या असूनही मोडल्या नव्हत्या, भाकरी जरा कडक झाली होती. कल्याणीने तीन वेळा वाढून घेतलं. प्रतीक्षा भाकरी हातात घेऊन झोपली. राजरत्नने फोन बंद करून खिशात ठेवला आणि झाडाला टेकून पाण्याकडे बघत बसला. थोड्या वेळाने त्याचंही तोंड उघडं पडलं. माश्या फार होत्या. हनुमंत टोपीने त्या हाकलत राहिला आणि ज्याच्या त्याच्या नावाने पुटपुटत राहिला.

दुपार कलल्यावर शकुबाई म्हणाली, "परत एकदा बसायचं."

"कशात?"

"बोटीत."

"त्या घाणीत?"

ती काठाकडे चालू लागली होती. हनुमंत गुडघ्यावर हात देऊन उठला आणि मागोमाग गेला. तेच जाकीट, तोच वास. फेरी संपून बोट काठाला लागली तेव्हा बोटवाल्याने दोर उचलला आणि हनुमंत नकळत उभा राहिला. दोर दिसला की त्याला बसवत नसे. त्याचा हात पुढे गेला.

"बसा खाली," शकुबाईने त्याचं मनगट धरलं. "आज कुणाचं काय सोडू नका, बांधू नका."

हनुमंत बसला. माणसं उतरली, बोट हलकी होऊन डुलायला लागली.

"आजी, उतरा, फेरी झाली," बोटवाला म्हणाला.

"किळसवाणं हाय सगळं," हनुमंत त्याला म्हणाला. "पाणी घाण, बोट घाण, जाकीट तर मढ्यावरचं काढून आणल्यागत."

"मग उतरा ना बाबा."

हनुमंताने शकुबाईकडे पाहिलं. तिचा हात पुन्हा पाण्यात होता.

"अजून एक फेरी मार," तो म्हणाला, आणि जाकिटाची सुटलेली गाठ स्वतःच घट्ट बांधली.